डाव्या हाताला भाता हवा

*"सर, मी मिरजेत राहते, वय २४. सकाळी शाळेत संगीत शिकवते आणि संध्याकाळी घरी लॅपटॉपवर एकांकिकांचं पार्श्वसंगीत करते. मधूनमधून अभंगांना व्हायोलिन-चेलोची साथ बसवून देते. पेटी लहानपणापासून वाजवते. ६१ पट्ट्यांचा घरगुती कीबोर्ड आहे, तो यूएसबीने लॅपटॉपला जोडते. त्याला पिच बेंडची चकती आहे, मॉड्युलेशनची नाही. ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर रीपर. अडचण अशी, की माझी व्हायोलिनं ऐकून दिग्दर्शक म्हणतो, 'मोबाइलची रिंगटोन वाटते.' मित्र म्हणाला, गोल फिरणारे नॉब आणि वर-खाली सरकणारे फेडर असलेला मिडी कंट्रोलर घे, म्हणजे स्वतः न वाजता सॉफ्टवेअरला फक्त सूचना पाठवणारं खोकं. दहा हजार साठवलेत. आता २४ नॉबवाला घेऊ, की नॉब-फेडरसकटचा ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ, की आपोआप हलणाऱ्या फेडरसाठी अजून वर्षभर थांबू? पुण्यातला आतेभाऊ त्याचा जुना कॉर्ग नॅनोकंट्रोल २ निम्म्या किमतीत देतोय, पण त्याच्या एका फेडरची टोपी हरवलीय. एकेरीत लिहा, तुमच्या मुलीच्या वयाची आहे." — स., मिरज*

प्रिय स.,

एकेरीतच लिहितो. दिग्दर्शकाचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. रिंगटोन म्हणाला म्हणजे निदान त्यानं कान देऊन ऐकलंय. माझ्या वाट्याला आलेले दिग्दर्शक ऐकायचेच नाहीत, थेट म्हणायचे, "जरा मोठं करा."

तू प्रश्न विचारलेस चार, पण पत्रातलं कामाचं वाक्य त्या प्रश्नांच्या आधीच येऊन गेलंय. 'पेटी लहानपणापासून वाजवते.' तिथंच मला कळलं की तुला काय हवंय.

आत्ता पेटीपाशी बस. पंचम दाब आणि धरून ठेव. उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर आहे, बाकी तो हात काहीच करत नाहीये. तरी सूर जिवंत आहे, कारण डावा हात भात्यावर आहे. भाता जरा सैल सोडलास की सूर मागं सरकतो. गाणारा श्वास घेतो तिथं तू नकळत थोडा दाब देतेस आणि त्याच्या पायाखाली जमीन येते. हे कुणी तुला पाटी-पेन्सिल घेऊन शिकवलं नसेल, हातानं आपोआप धरलं असेल. आता कीबोर्डपाशी जा आणि तोच पंचम दाब. डावा हात मांडीवर. भाताच नाही! पेटी तू वाजवतेयस आणि भाता कुणी तिऱ्हाईत माणूस छताच्या पंख्यासारखा एका गतीनं हलवतोय, असं ते झालंय. रिंगटोन तिथून येते.

तेव्हा कंट्रोलर घ्यायचा तो डाव्या हाताला भाता परत मिळावा म्हणून. नॉब किती, दिवे किती, पॅड किती हे सगळं नंतर.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात. चांगल्या व्हायोलिन लायब्ररीत, म्हणजे कीबोर्डवरून वाजणाऱ्या स्वरांच्या संग्रहात, एकच स्वर हलका, मध्यम, जोरकस असा वेगवेगळ्या दाबानं वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी तू किती जोरात दाबलीस याचा लांब स्वरांवर बहुतेक लायब्रऱ्यांमध्ये फारसा परिणाम होत नाही. गज तारेवर किती दाबून फिरतोय हे ठरतं मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि लॅपटॉप ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्या, एक नंबरच्या संदेशावरून, म्हणजे सीसी १. सीसी म्हणजे कंट्रोल चेंज: एक क्रमांक, आणि त्याला शून्य ते १२७ मधली एक किंमत. सीसी १ खाली असताना सूर नुसता हळू नसतो, त्याचा रंगच मऊ, अंधारा असतो. वर नेलास की कडा येते, गजाची घासणी ऐकू येते. दुसरा आहे सीसी ११, एक्सप्रेशन. तो रंग बदलत नाही, आवाज कमीजास्त करतो. वाजवणारा जवळ येऊन बसला किंवा चार पावलं मागं गेला, तसं. आणि एक आहे सीसी ७, म्हणजे त्या वाद्याचा मूळ व्हॉल्यूम. त्याला वाजवताना हात लावायचा नाही, नाहीतर मिक्सिंग करताना आदल्या दिवशी जमवलेलं सगळं विस्कटतं.

एक पैसाही खर्च करण्याआधी आज रात्री एक प्रयोग कर. रीपरमध्ये व्हायोलिनचा एक लांब स्वर ध्वनिमुद्रित कर, मिडी एडिटर उघड, खालच्या पट्टीत सीसी १ निवड (तिथं मॉड व्हील असं लिहिलेलं असेल, म्हणजे तुझ्या कीबोर्डला नसलेली ती मॉड्युलेशनची चकती) आणि माउसनं एक टेकाड काढ. हळूहळू चढ, मग उतार. ऐक. सुराचा रंग बदलला, तर तुझे पैसे सत्कारणी लागणार आहेत. काहीच फरक पडला नाही, तर दोष लायब्ररीचा. तिच्यात हलके-जोरकस थर नाहीत, किंवा ते सीसी १ ला जोडलेले नाहीत. अशा लायब्ररीपुढं पन्नास हजारांचा कंट्रोलर ठेवलास तरी ती रिंगटोनच राहील. तसं निघालं तर बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही लायब्ररी उतरवून घे. ती छोटी आहे, पण सीसी १ आणि सीसी ११ दोन्हींना उत्तर देते.

आता तुझे २४ नॉब. मोह कळतो मला, दुकानात ते तीन ओळींत मांडलेले दिसले की हात शिवशिवतात. पण तू मिरजेची आहेस, तुला हे एका वाक्यात सांगता येईल: नॉब म्हणजे तानपुऱ्याची खुंटी आणि फेडर म्हणजे भाता. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीचा दोरा बसवायचा आणि मग हात काढून घ्यायचा. मैफल चालू असताना कुणी खुंटी फिरवत बसत नाही. तसंच प्रतिध्वनी किती हवा, डावी-उजवीकडं कुठं बसवायचं, खालचे सूर किती कापायचे, ही नॉबची कामं. एकदा लावायची आणि सोडून द्यायची. त्यासाठी माउस पुरतो. माउसनं खरोखर अडतं ते काळाबरोबर चालणाऱ्या गोष्टींत, आणि त्या बोटाच्या सरळ रेषेत येतात, मनगटाच्या गोल फिरण्यात नाही.

याला अपवाद आहेत. सिंथेसायझरवर काम करणारी मुलं फिल्टरचा नॉब वाजवता वाजवता फिरवतात, त्यांच्यासाठी नॉब हेच वाद्य आहे. कुणी एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरवर आठ ट्रॅक मांडून मंचावर वाजवत असेल, तर प्रत्येक ट्रॅकला तीन नॉब आणि एक फेडर ही रचना त्याच्या मापाची आहे. अकाईचा मिडीमिक्स आणि नोव्हेशनचा लॉन्च कंट्रोल एक्सएल हे दोन्ही त्याच साच्यातले, २४ नॉब आणि खाली आठ फेडर (अकाईला नववा मास्टर). वाईट नाहीत. पण त्यातले २२ नॉब तुझ्याकडं धूळ खातील.

फेडर पाहताना एकच माप विचार: लांबी. मिडीचा करार १९८३ चा. त्यात किमतीसाठी सात बिट ठेवले, कारण आठव्या बिटावर 'हा आदेश आहे की आकडा' हे ओळखायचं असतं. सात बिटांत १२८ पायऱ्या बसतात. आता हिशेब कर. फेडर ६० मिलिमीटर सरकत असेल तर एका पायरीला जवळजवळ अर्धा मिलिमीटर मिळतो. १०० मिलिमीटरचा असेल तर पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त. आणि ३० चा असेल तर पाव. पाव मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नुसत्या थरथरीनं एक पायरी चढते-उतरते. मोठ्या आवाजात ते झाकलं जातं. पण एकांकिकेत संवादाखाली, अगदी ऐकू येतंय-न येतंय अशा पातळीवर चेलो धरून ठेवायचा असतो, तिथं छोटा फेडर दगा देतो. सूर हळूच यायच्या ऐवजी पायरी उतरल्यासारखा येतो. २०२० साली मिडी २.० आलं, त्यात किमती ३२ बिटांच्या आहेत. पण त्यासाठी थांबू नकोस. १९८३ च्या करारावर सगळं जग अजून व्यवस्थित चालतंय.

जाता जाता: अभंगातल्या मींडीसाठी फेडर वापरू नकोस. कीबोर्डची पिच बेंडची चकती त्यासाठीच आहे. तिला १६,३८४ पायऱ्या असतात आणि सोडली की ती आपसूक मध्यावर येते. फेडर जिथं सोडशील तिथंच बसून राहतो, म्हणजे पुढचं सगळं कडवं पाव स्वर वर. चकती सहसा दोन अर्धस्वरांपुरती, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंतच, बांधलेली असते. सा वरून शुद्ध ग वर सरळ मींड हवी असेल, तर लायब्ररीत ती मर्यादा वाढवावी लागेल. चेलोवर अशी मींड फार गोड येते. व्हायोलिनांच्या अख्ख्या ताफ्यावर केलीस तर मात्र टेप अडकल्यासारखी ऐकू येते.

मग ४९ पट्ट्यांचा नॉब-फेडरसकटचा कीबोर्ड? तुझ्याकडं ६१ पट्ट्या असताना ४९ विकत घेणं मला पटत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. दुकानात जाशील तेव्हा अशा कीबोर्डसमोर पेटीला बसतेस तशी बस आणि फेडर कुठल्या अंगाला आहेत ते बघ. बऱ्याच मॉडेलांवर ते उजवीकडं असतात. उजवा हात पट्ट्यांवर, मग डावा हात त्याच्यावरून ओलांडून पलीकडं न्यायचा? दोन मिनिटं करून बघ, खांदा भरून येतो. सुटं, वेगळं खोकं असेल तर ते तुला डावीकडं, भात्याच्या जागी ठेवता येतं. उंचीसुद्धा जमवता येते. मी माझ्या खोक्याखाली दोन जुने दिवाळी अंक ठेवलेत. कधी मुंबईला गेलीस तर धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन दोन-चार फेडर स्वतःच्या बोटानं सरकवून ये. घ्यायचं नसलं तरी. जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे फोटोत दिसत नाही.

आपोआप हलणारे फेडर. बेहरिंजरच्या एक्स-टचवर तसे नऊ आहेत, १०० मिलिमीटरचे, आणि ते गाणं सुरू झाल्यावर भुतासारखे वर-खाली व्हायला लागले की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. दहा हजारांत ते बसत नाही, पण बसलं असतं तरी मी तुला 'घेऊ नकोस' म्हणालो असतो. ही यंत्रं मिक्सिंगसाठी आहेत. बहुतेक वेळा ती मॅकी नावाच्या पद्धतीनं बोलतात. त्या पद्धतीत फेडर सीसी पाठवतच नाही, तो पिच बेंडचाच संदेश पाठवतो आणि सॉफ्टवेअर त्यातून ट्रॅकचा व्हॉल्यूम हलवतं. म्हणजे तू मोठ्या हौसेनं फेडर वर नेशील, ट्रॅकचा आवाज वाढेल आणि व्हायोलिनवरचा गज जागचा हलणार नाही. रंग तोच, फक्त रिंगटोन मोठ्यानं. काहींना साधा मिडीचा मोडही असतो, पण मग त्या मोटारींचे पैसे कशासाठी मोजले?

तरी मोटारीचा एक फायदा मी नाकारत नाही, कारण तो नसल्याची किंमत मी एकदा भर प्रेक्षागृहात मोजलीय. एकांकिका स्पर्धा, शेवटचा प्रवेश. खाटेवर बाप गेलाय, मुलगा त्याच्या उशाशी बसून आहे, एक शब्द नाही. खाली फक्त तानपुरा, तोही इतका हळू की नसला तर कळावा. मी आतल्या बाजूला लॅपटॉप आणि आठ फेडरचं खोकं घेऊन बसलेलो. आधीच्या प्रवेशात तोच फेडर बाजाराच्या गोंगाटासाठी वापरला होता आणि तो वरच्या टोकाला तसाच राहिला होता. सॉफ्टवेअरमध्ये तानपुरा खाली होता, माझ्या बोटाखालचा फेडर वर. मला वाटलं, केसभर कमी करूया. बोट लागलं मात्र, तानपुऱ्यानं थेट फेडरच्या जागेवर उडी मारली. सगळं सभागृह हादरलं. पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं. मुलाचं काम करणारा नट मान न वळवता म्हणाला, "शेजारी सांगा रे कुणीतरी, रेडिओ बंद करा म्हणावं." त्यानं प्रवेश वाचवला. मी पडद्यामागं दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

या उडीवर उपाय फुकट आहे. सॉफ्टवेअरला सांगायचं, की फेडर खऱ्या किमतीपाशी येईपर्यंत त्याचं ऐकू नकोस. एबलटनमध्ये त्याला पिकअप म्हणतात. रीपरमध्ये एखाद्या प्लगइनचा (सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) नॉब तू कंट्रोलरला शिकवतेस ना, त्याच खिडकीत सॉफ्ट टेकओव्हर नावाची चौकट आहे, तिथं खूण कर. नाटकाला बसशील तेव्हा ही खूण केल्याशिवाय घरातून निघू नकोस. मात्र व्हायोलिनचा सीसी १ थेट ध्वनिमुद्रित करताना ही सोय नाही. तिथं फेडर पाठवेल तेच लिहिलं जातं. आणि फेडर हलवल्याशिवाय तो काही बोलतच नाही, हेही ध्यानात ठेव. त्यामुळं ध्वनिमुद्रण सुरू झालं की पहिल्या स्वराआधी फेडर जरा हलवून सुरुवातीच्या जागी आणायचा. पेटी सुरू करताना आधी भात्यात हवा भरतेस, तितकंच ते.

न थांबता गोल फिरणारे नॉबही मिळतात, त्यांना एन्कोडर म्हणतात. त्यांना टोकच नसल्यामुळं उडीचा प्रश्न येत नाही. बेहरिंजरच्या एक्स-टच मिनीवर असे आठ आहेत, भोवती दिव्यांचं कडं. फेडर एकच. एका हाताला एक भाता म्हणून तोही चालेल, पण मला तुझ्यासाठी दोन फेडर शेजारीशेजारी हवेत. तर्जनी एकावर, मधलं बोट दुसऱ्यावर. सीसी १ आणि ११ दोन्ही एकाच हातात, एक पुढं आणि दुसरा किंचित मागून. हे जमायला पंधरा दिवस लागतात. जमलं की माउसकडं बघवत नाही.

दोन्ही हात पट्ट्यांवर लागत असतील, तर एक्सप्रेशन पेडल. संगीत नाटकांत वाजायचा त्या ऑर्गनचा भाता पायातच असायचा, आपल्याला त्याचं नवल नाही. पण तुझ्या घरगुती कीबोर्डला पेडलसाठी भोक असलं तरी ते बहुधा सूर लांबवणाऱ्या सस्टेनचं असेल, म्हणजे चालू किंवा बंद. मधल्या किमती त्यातून जात नाहीत. अडॅप्टर दाखवून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस.

आता आतेभावाच्या खोक्याकडं येतो. माझं मत: घे. नॅनोकंट्रोल २ ला आठ फेडर, आठ नॉब आणि डावीकडं प्ले-स्टॉपची बटणं. फेडर छोटे आहेत, वर पाव मिलिमीटरचं रडगाणं गायलो ते इथं लागू आहे. पण निम्म्या किमतीत तुला भात्याची सवय लागेल, आणि सवय लागल्यावर तुझी तूच सांगशील की किती लांबीचा फेडर हवा. उरलेले पैसे बाजूला ठेव. सहा महिन्यांनी हात तोकडा वाटला तर ६० मिलिमीटरवाल्याकडं जा. लॉन्च कंट्रोल एक्सएलचे तेवढे आहेत.

खोकं घरी आल्यावर त्याची एक खोड तुला पहिल्याच दिवशी भेटेल. कारखान्यातून येताना त्याचे फेडर सीसी शून्य ते सात असे लावलेले असतात. म्हणजे पहिला फेडर तुझ्या काही कामाचा नाही, दुसरा नेमका सीसी १ आणि शेवटचा सीसी ७, तोच तो न छेडायचा मूळ व्हॉल्यूम. त्याहून मजा म्हणजे फेडरांशेजारी ध्वनिमुद्रणाची जी बटणं आहेत त्यातलं पहिलं सीसी ६४ पाठवतं, म्हणजे सस्टेन पेडल. चुकून दाबलं गेलं की स्वर एकमेकांत चिकटतील आणि तू अर्धा तास लायब्ररीला शिव्या देत बसशील. (मी दिल्यात.) कॉर्गचं कंट्रोल एडिटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन शेजारचे फेडर १ आणि ११ करून टाक, आणि बाकी सगळं वीसच्या पुढच्या कुठल्या तरी रिकाम्या नंबरांवर ढकल. ६४ सोडून.

पैसे देण्याआधी आतेभावाकडून एवढं करून घे. व्हिडिओ कॉलवर चालेल. ट्रॅकवर रीपरचाच रीआकंट्रोलमिडी हा प्लगइन टाकायचा, त्यात लॉग दिसतो, आलेला प्रत्येक संदेश ओळीनं. एकेक फेडर अगदी सावकाश खालून वर न्यायला सांग. शून्यापासून १२७ पर्यंत पोचतो का? जुने फेडर कधी कधी १२५ वर थांबतात, तेवढं चालेल. पण खाली तीन-चारवर अडकला तर व्हायोलिन कधीच पूर्ण विझणार नाही, तो नको. मग फेडर मध्यावर सोडून हात काढायला सांग आणि लॉगकडं बघत राहा. ६३, ६४, ६३, ६४ अशी आपोआप टकटक दिसली तर आतली कार्बनची पट्टी झिजलीय किंवा धूळ बसलीय. मिक्सरवर असा फेडर खरखर करतो म्हणून कळतो. मिडीत खरखर ऐकू येत नाही, फक्त तुझ्या फाइलमध्ये गरज नसलेले हजारो ठिपके भरत राहतात. शेवटी यूएसबीची केबल हलवून बघायला सांग. या खोक्याला जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायची ती मिनी यूएसबी लागते, मोबाइलची चालत नाही, म्हणून केबलही त्याच्याकडूनच मागून घे. पुण्याच्या कपाटातल्या खोक्यात ती नक्की कुठंतरी पडलेली असणार.

आणि समजा टकटक निघाली, व्यवहार फिसकटला, तर आणखी एक वाट आहे. मला ती मनातून जास्त आवडते, पण सगळ्यांना सुचवत नाही. सांगली-मिरजेत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोरांना तोटा नाही. शाळेच्या ओळखीतून एकाला पकड. आर्डुइनोच्या कुळातला प्रो मायक्रो नावाचा अंगठ्याएवढा बोर्ड मिळतो. तो लॅपटॉपला स्वतःची ओळख मिडी वाद्य अशीच करून देऊ शकतो. त्याला दोन सरकते पोटेन्शिओमीटर, म्हणजे सुटे फेडरच, जोडायचे, शक्य तितके लांब. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. घेताना एकच बघायचं: अंगावर 'बी १० के' लिहिलेलं हवं. 'बी' म्हणजे सरळ चढ. 'ए' लिहिलेला घेतलास तर अर्ध्या प्रवासात काहीच होत नाही आणि मग एकदम सगळा आवाज अंगावर येतो. तो व्हॉल्यूमसाठी असतो, आपल्याला नको. खोकं मात्र लाकडाचं करून घे. सतारमेकर गल्लीत कुणी ना कुणी उरलेल्या तुकड्यातून करून देईल, आणि त्याला पॉलिशही असं मारेल की कुठल्या कंपनीच्या प्लास्टिकला ते जमणार नाही.

खोकं कुठलंही येवो, पहिल्या दिवशी त्यावर गाणं बसवू नकोस. नुसता षड्ज धर. भजनी ठेका लाव, दोन आवर्तनं, म्हणजे १६ मात्रा. पहिल्या आवर्तनात फेडर इतक्या हळू वर ने की सम कधी आली ते कळायच्या आत तू माथ्यावर असशील. दुसऱ्यात सोडत ये, पण शेवटच्या दोन मात्रांत पूर्ण सोडू नकोस, थोडा दम राखून ठेव. मग मिडी एडिटरमध्ये त्या रेषेकडं बघ. माउसनं काढलेलं टेकाड घराच्या छपरासारखं सरळ होतं. हिला पोट आलेलं दिसेल, मध्येच जिथं तू श्वास घेतलास तिथं खळगी दिसेल. ती खळगी पुसायची नाही. लोक पुसतात, 'स्वच्छ' करतात, आणि मग परत विचारतात की प्लास्टिक का वाटतंय.

राहिली ती हरवलेली टोपी. ती कुठल्या फेडरची आहे ते तू लिहिलं नाहीस. दोन शेजारचे फेडर धड असतील तर विसरून जा, तुला दोनच लागणार आहेत आणि ते कुठले ते एडिटरमध्ये तूच ठरवणार आहेस. तरी उघडी दांडी बोटाला टोचत असेल तर जाड रबराचा तुकडा किंवा खोडरबर घे आणि त्याला चीर पाडून बसव. डिंक किंवा फेविक्विक अजिबात नको, तो खाली फटीत ओघळला की फेडर कायमचा त्याच मात्रेवर उभा राहील. आणि आतेभावाला टोपीचे शंभर रुपये कमी करायला सांग. आतेभाऊ आहे, ऐकेल.